समुद्राचा पाटकरी

सध्या आमच्या फ्रिजवर समुद्र चिकटवलेला आहे. नातीची, म्हणजे ईराची, दहावीची परीक्षा चालू आहे, आणि पाठ करायच्या सगळ्या संज्ञा तिने पिवळ्या चिठ्ठ्यांवर लिहून फ्रिजच्या दारावर लावल्या आहेत. दुधाची पिशवी काढायला गेलं की आधी 'सॅलिनिटी' हाताला लागते. दही काढताना 'अपवेलिंग' खाली पडतं. परवा तर 'कोरल ब्लीचिंग' माझ्या सपातेला चिकटून थेट देवघरापर्यंत गेलं. मी कुरकुरले तर म्हणते, "आजी, चिल! तू जॉग्रफीची टीचर होतीस ना? मग तुला हे ऑलरेडी येतच असेल."

येतच असेल! तीस वर्षं मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला, खरं आहे. पण त्या चिठ्ठ्यांसमोर उभी राहिले की माझं डोकं चक्रावतं. आमच्या वेळी समुद्राला मोजून आठ-दहा शब्द पुरायचे. क्षारता, सागरप्रवाह, समुद्रबूड जमीन, सागरी गर्ता, भरती-ओहोटी. आमचा समुद्र नुसता होता, त्याला काही झालेलं नव्हतं. ईराच्या समुद्राला ताप आहे, त्याच्या पाण्यातलं आम्ल वाढतंय, त्याला काही ठिकाणी श्वास पुरत नाही, त्याची प्रवाळं पांढरी पडताहेत. एकेक चिठ्ठी वाचताना मला दवाखान्यातल्या केसपेपरची आठवण होते. मग मी दूध तापवायला ठेवते आणि दुसऱ्या कशाचा तरी विचार करायला बघते.

पण मार्चमध्ये दुसऱ्या कशाचा विचार येत नाही. कडुलिंबाला मोहोर आला, त्याचा तो कडवट-गोड वास खिडकीतून आत आला, रसवंतीच्या घुंगरांचा आवाज ऐकू आला, की मी पुन्हा पंधरा वर्षांची होते. लोकांना परीक्षेचा ऋतू आठवतो तो आपापल्या पेपरांमुळे. मला आठवतो तो शकूच्या पेपरामुळे. आणि शकूची आठवण मी इतकी वर्षं कुणाला सांगितलेली नाही, कारण सांगायचं म्हटलं तर सुरुवात कुठून करायची, हेच मला कळत नाही.

शकू पुण्याजवळच्या मांजरी गावची. आज मांजरी म्हटलं की उंच उंच इमारती डोळ्यांपुढे येतात, तेव्हा तिथे ऊस होता. तिच्या वडिलांचा ऊस होता आणि बांधावरची मेथी-कोथिंबीर घेऊन ते मंडईत यायचे. आई त्यांच्याकडूनच भाजी घ्यायची. त्या वर्षी, मी दहावीला होते तेव्हा, ते मेथीची जुडी पिशवीत टाकता टाकता आईला म्हणाले, "वहिनी, पोरीचं शेंटर पुन्यात आलंया. रोज कुठं ये-जा करायची तिनं? तीन आठवडे ठिवून घ्याल का?"

आई म्हणाली, "ठेवून घ्यायला ती काय सामान आहे? पाठवा की. आमची नलू आहेच, दोघी मिळून अभ्यास करतील."

"पास झाली तर म्होरं शिकवून मास्तरीण करीन म्हनतो," ते म्हणाले. "न्हाई झाली, तर पाव्हनं बघून ठिवलंयच."

हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं की आईने मान हलवली आणि कोथिंबिरीचा भाव विचारला. मी शेजारीच उभी होते. मला मात्र ते वाक्य तिथेच टोचलं. पास झाली तर मास्तरीण, नाही झाली तर पाहुणे.

आमचं बुधवार पेठेत पुस्तकांचं दुकान, आणि दुकानावर दोन खोल्या. दुकान एक ते चार बंद. बंद म्हणजे बंद. शटर अर्धं खाली, आणि त्याच्या आत आम्ही दोघी, गाइडांच्या गठ्ठ्यांवर बसून. कोऱ्या कागदाचा आणि खळीचा वास, वर गरगरणारा पंखा, शटरच्या खालच्या फटीतून दिसणाऱ्या येणाऱ्याजाणाऱ्यांच्या नुसत्या चपला. मध्येच एखादी चप्पल थांबायची, वरून शटर खडखडायचं, आणि कुणीतरी विनवायचं, "अहो, भूगोलाचं गाइड आहे का? उद्या पेपर आहे हो." मी आतूनच सांगायची, "चारला या." चारला या म्हणताना मला फार बरं वाटायचं, हे आज कबूल करते.

माझा नेहमी पहिला नंबर. सगळ्या व्याख्या तोंडपाठ. शकू आली तशी मी तिची मास्तरीणच झाले. तिने 'पानी' म्हटलं की मी 'पाणी' म्हणायला लावायची. ती म्हणायची आणि वर हसायची, "व्हय मास्तरीणबाई." तिला पाठांतर जमायचं नाही असं नव्हतं, तिला ते पुरायचं नाही. क्षारता म्हणजे काय, मी घडाघडा म्हणून दाखवलं. ती म्हणाली, "आमच्या खालच्या रानातबी मीठ फुललंय. लई पानी पाजलं ना उसाला, म्हून. वर पांढरं पांढरं येतं बघ." मी म्हटलं, हे पेपरात लिहू नकोस, पेपरात फक्त समुद्र येणार.  आज वाटतं, त्या अख्ख्या दुकानात तेव्हा क्षारता पाहिलेली ती एकटीच होती.

समुद्र तिनेही पाहिला नव्हता आणि मीही. दोघींपैकी कुणी खडकवासल्याच्या पलीकडे गेलेलं नव्हतं. पण पुस्तकात आकृती होती, आणि आकृती पाठ असली की समुद्र येतो, अशी माझी समजूत होती.

भरती-ओहोटीपाशी ती अडली. व्याख्या मी तिच्याकडून दहादा म्हणून घेतली. सूर्य आणि चंद्र यांच्या आकर्षणामुळे सागरजलाच्या पातळीत होणारा चढउतार, वगैरे. तिने ती बरोबर म्हटली आणि मग विचारलं, "पर ओहोटीला पानी जातं कुठं?"

"म्हणजे?"

"म्हंजी, एवढं पानी. सकाळी हुतं, दुपारी न्हाई. गेलं कुठं?"

मला माहीत नव्हतं. पुस्तकात नव्हतं, गाइडात नव्हतं, बाईंनी सांगितलं नव्हतं. आणि ही अशी गोष्ट आहे की आपल्या पुण्यात 'माहीत नाही' हे शब्द तोंडातून सहजी निघत नाहीत. रस्ता विचारणाऱ्याला आम्ही चुकीचा रस्ता सांगू, पुढे चौकात पुन्हा विचारा म्हणू, पण आम्हाला ठाऊक नाही असं म्हणणार नाही. त्यातून मी पहिल्या नंबराची, आणि समोर मांजरीची मुलगी. मी डोळे मिटले, जरा विचार केल्यासारखं केलं आणि म्हटलं, "तुमच्या शिवारातून पाट जातो ना? कालव्याचा?"

"जातो की."

"त्याला नेहमी पाणी असतं का?"

"न्हाई. पाळी आली की सुटतं. मग बंद. पाटकरी दार उघडतो तवा येतं."

"मग झालं तर! तसंच. इकडचं दार बंद झालं की तिकडचं उघडतं. पाणी कुठे जात नाही, पाळीपाळीने फिरतं. आणि चंद्र आहे ना, तो समुद्राचा पाटकरी."

तिचं तोंड असं काही उजळलं म्हणता! "अगं बया," ती म्हणाली, "मंग हे बुकात असं का लिवत न्हाईत?" मला स्वतःचाच अभिमान वाटला. मी वर म्हटलं, "खरं काय ते डोक्यात ठेवायचं. पेपरात व्याख्या लिहायची."

इथवरही ठीक होतं. पण शकू अडून बसली होती, तिला आता सगळंच समजून घ्यायचं होतं. त्यांच्याकडे पाटाला पाणी सुटायच्या आधी पाटकरी सायकलवरून पाटाच्या कडेकडेने ओरडत जायचा, "पानी सुटलंय वोऽऽ!" कोरड्या पाटात पोरं खेळत असायची, बाया कुठेकुठे साचलेल्या डबक्यांत धुणं धूत असायच्या, कुणाची म्हैस बसलेली असायची. आरोळी ऐकली की सगळी वर यायची. एकदा एक म्हैस उठली नाही, ती वाहून गेली होती म्हणे. शकू मला ते सगळं रंगवून सांगत होती आणि मग तिने विचारलं, "समुद्राचाबी सांगून जातो का आधी?"

नेमकं तेव्हाच शटर खडखडलं. कुणीतरी बाहेरून ओरडत होतं, भूगोलाचं गाइड, भूगोलाचं गाइड. मी वैतागून त्याला म्हटलं, "चारला या!" आणि त्याच दमात शकूला म्हटलं, "हो गं बाई, सांगतो. वेळापत्रकच असतं त्याचं."

वेळापत्रक असतं हे मी कुठेतरी वाचलं होतं. म्हणजे अगदी खोटं नव्हतं. मी तेव्हा स्वतःला तेच सांगितलं, आणि पुढेही बरीच वर्षं तेच सांगत आले.

भूगोलाच्या पेपरला आईने दोघींच्या हातावर दही-साखर ठेवली. आमचे वर्ग वेगळे होते. प्रश्नपत्रिका हातात आली आणि मी पहिल्यांदा तोच प्रश्न पाहिला: भरती-ओहोटी म्हणजे काय, ती का होते, सविस्तर लिहा. एरवी मला आनंद झाला असता. त्या क्षणी माझ्या तोंडचं पाणी पळालं. पलीकडच्या वर्गात शकू बसलेली होती आणि मला स्पष्ट दिसत होतं, ती वाकून वाकून लिहितेय, पाटकरी दार उघडतो, पाटकरी सायकलवरून जातो. मी माझं उत्तर व्याख्येसकट लिहिलं, आकृती काढली, चंद्राला बाण दाखवले. हात चालला होता पण मन तिकडे.

बाहेर आली ती उड्या मारतच. "भरती-ओहोटी आली की गं! सम्दं लिवलं!" रसवंतीत तिने मला आग्रहाने रस पाजला. आल्याचा, लिंबाचा, बर्फ घातलेला. मी विचारायला हवं होतं, काय लिहिलंस? दोन शब्दांचा तर प्रश्न. पण मला उत्तर नको होतं. मी ग्लास तोंडाला लावून बसले, आणि ती त्यांच्या शेतातल्या उसाच्या जाती मला समजावून सांगत होती.

जूनमध्ये निकाल लागला. तेव्हा वर्तमानपत्रात नुसते बैठक क्रमांक यायचे, बारीक टाइपात, रांगाच्या रांगा. माझा नंबर होता. शकूचा नव्हता. मी पट्टी ठेवून ती ओळ तीनदा वाचली. तिच्या मागचा नंबर होता, पुढचा होता. मधला नव्हता. घरात पेढे आले, दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला वडील सांगत होते, आणि मी माळ्यावर जाऊन गाइडांच्या गठ्ठ्यावर बसून रडले. आई म्हणाली, आनंदाने रडतेय. मी तिला तसंच वाटू दिलं.

कशात गेली, किती मार्कांनी गेली, ऑक्टोबरला बसणार का, मी काही विचारलं नाही. तिचे वडील मंडईत येत होते. मी मात्र आईबरोबर जायचं टाळू लागले. एकदा टळलं नाही, तेव्हा मी लाल भोपळ्यांच्या ढिगामागे उभी राहिले आणि तिथून ऐकलं. ते आईला सांगत होते, "जमलं शकीचं. लांब दिलीया, समुद्राकडं. जावई शाळंत शिपाई हाय. चांगली मानसं हायेत." आई म्हणाली, वा वा. आईने लग्नासाठी एक पातळ घेऊन दिलं. मी काही दिलं नाही. समुद्राकडं, एवढाच शब्द डोक्यात घुमत राहिला, आणि मला वाटलं हे माझ्यामुळे. त्या एका प्रश्नामुळे ती नापास झाली, नापास झाली म्हणून मास्तरीण झाली नाही, आणि मास्तरीण मी झाले.

खरंच झाले. शिकवायला लागले तेव्हा मी एक नियम केला. वर्गात फक्त व्याख्या. उदाहरण नाही, तुलना नाही, 'जसं की' नाही. मुली माझ्या मागे म्हणायच्या, बाई म्हणजे चालतंबोलतं गाइड. म्हणू देत. माझ्या वर्गात भरती-ओहोटी चुकलेली एकही मुलगी मला आठवत नाही. पाणी जातं कुठे, हे एखादीने विचारलंच तर मी सांगायची, कुठे जात नाही, पाण्याचा फुगवटा सरकतो, इथे ओहोटी असते तेव्हा दुसरीकडे भरती असते. आता मला ते माहीत होतं. पण सांगताना आतून वाटायचं, हे तर जवळपास तेच झालं की. इकडचं दार बंद, तिकडचं उघडं. मग मी चुकले होते का नव्हते? या प्रश्नाशी आले की माझं गाडं अडायचं ते अडायचंच.

समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो लग्नानंतर, तिशी उलटल्यावर. गेलो तेव्हा ओहोटी होती. सगळी मंडळी शिंपले वेचत होती आणि मी चपला हातात धरून त्या ओल्या, रिकाम्या वाळूकडे बघत उभी होते. यजमान म्हणाले, "काय बघतेस एवढं?" मी म्हटलं, काही नाही. पाटकरी शोधतेय असं त्यांना कसं सांगणार?

गेल्या आठवड्यात भावाचा दुकानातून फोन आला. दुकान आता तो बघतो. म्हणाला, "अगं, एक बाई आल्यात. काळा चष्मा घातलेला आहे. मास्तरीणबाई कुठे राहतात विचारतायत."  पंचेचाळीस-सेहेचाळीस वर्षांनी कुणी मला त्या नावाने विचारत होतं.

तासाभरात शकू आमच्या दारात. मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घ्यायला पुतण्याकडे मांजरीला आली होती. "आमच्या उसात लिफ्ट चढतीया आता," ती म्हणाली आणि हसली. हसणं तेच. बोलण्यात थोडं मांजरीचं, थोडं कोकणचं. पिशवीत आमसुलं आणि कोकमाचं आगळ. "सुकी मासळी आणनार हुते, पर तुमच्यात चालत न्हाई."

मी चहा टाकला.  ती फ्रिजपाशी उभी राहून चिठ्ठ्यांकडे बघत होती, आणि ईरा तिला एकेक वाचून दाखवत, अर्थ सांगत होती. "मायक्रोप्लास्टिक म्हणजे प्लास्टिकचे अगदी टायनी तुकडे, आजी." शकू म्हणाली, "आमच्या जाळ्यात अख्ख्या पिशव्याच येतात गं बाय, तुकडे व्हायला त्यांना येळ कुठाय?" 'सी लेव्हल राइझ' ऐकल्यावर तिने ती चिठ्ठी बोटाने नीट चिकटवली. मग म्हणाली, "आमच्या घरामागं सुरूची तीन झाडं हुती. एक ऱ्हायलंय." ईरा वही घेऊन लिहायला लागली. मी गाळणं हातात धरून बघत राहिले. तीन आठवडे त्या पोरीने त्या चिठ्ठ्या घोकल्या होत्या, आणि आत्ता पहिल्यांदा ती प्रश्न विचारत होती.

ईरा वही घेऊन आत गेली आणि मला राहवलं नाही. मी म्हटलं, "शकू, तुझा पेपर माझ्यामुळे गेला. भूगोलाचा. मी तुला ते पाटकऱ्याचं भलतंच सांगितलं."

तिने बशी खाली ठेवली. "भूगोलाचा? मी गनितात गेले. भूगोलात चांगली पास हुते की."

"पण भरती-ओहोटीचा प्रश्न होता ना?"

"मग? व्याख्या लिवली. तूच दहादा घोकून घेतली हुतीस."

"पाटकऱ्याचं नाही लिहिलंस?"

"पेपरात खरं कोन लिवतं?" ती म्हणाली. "तूच म्हनलीस न्हवं, खरं ते डोक्यात ठिवायचं म्हून? मी ठिवलं."

मला हसावं की रडावं कळेना. इतकी वर्षं जे ओझं वागवलं ते माझं नव्हतंच! माझ्या जिवात जीव आला, आणि खोटं कशाला बोलू, जरा फसवल्यासारखंही वाटलं. म्हणजे मी भोपळ्यामागे लपले, वर्गात तीस वर्षं कोरडी राहिले, ते सगळं गणितासाठी? मी म्हटलं, "म्हणजे माझ्यामुळे तुझं काही बिघडलं नाही?"

 चष्मा काढून शकूने पदराने पुसला, परत लावला.

"लगीन होऊन आठ दिस झाले हुते," ती म्हणाली. "दुपारची एकलीच गेले समुद्रावर. पानी पार आत गेल्यालं. म्हनलं, पाळी संपली दिसतीया. आत एक खडक हुता, त्येच्यावर जाऊन बसले. गार वारं. माहेरची आठवण येत हुती. म्हनलं, बसू निवांत. सुटायच्या आधी आरोळी येईलच."

मी कप खाली ठेवला.

"पानी समोरनं येत न्हाई गं," ती म्हणाली. "पाठीमागनं येतं. खोलगट असतं ना, ते आधी भरतं. मी समोर बघत बसल्याली. मागं वळले तर खडकाच्या चौबाजूनी पानी. तरी मी उठले न्हाई. म्हनलं, अजून कुनी ओरडलं न्हाई, म्हंजी हे काय खरं पानी न्हवं."

"अगं पण..."

"छातीपतूर आलं तवा एका म्हातारीनं बघितलं. तिसऱ्या, शिंपल्या गं, काढत हुती लांब. तिनं येऊन वेणीला धरून ओढत न्हेलं मला. आन् म्या काय केलं म्हाईतीय? वाळूवर पडले, खोकले, आन् तिच्यावरच वसकले. म्हनलं, पानी सोडायच्या आधी सांगायची पद्धत न्हाई व्हय तुमच्यात?"

ती खदाखदा हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, मग ऑपरेशनच्या डोळ्याला हात लावू नये म्हणून मीच तिचा हात धरला. मला हसू येत नव्हतं. 

"म्हातारी म्हनाली, सांगनार कोन? मी म्हनलं, असं कसं? माझ्या मैत्रिणीनं सांगितलंय. तिचा पयला नंबर असतो."

 मी विचारलं, "राग नाही आला माझा?"

"आला की. लई आला. मग वाटलं, तिनं तरी कुठं बघितला हुता समुद्र." मग तिने विचारलं, "पर पुढं पोरींना शिकवताना सांगितलंस न्हवं हे? आरोळी येत न्हाई म्हून?"

 काय सांगणार? तीस वर्षांत एक व्याख्या चुकवली नाही आणि हे एकदाही सांगितलं नाही. कोकणात सहलीला निघालेल्या मुलींना मी क्षारता विचारली, चंद्राच्या कला विचारल्या, आणि हात हलवून निरोप दिला. त्या सगळ्या सुखरूप परत आल्या, म्हणून काही बिघडलं नाही म्हणायचं? की नुसतं नशीब? मला ठरवता येत नाही. शकू गेल्यावरही मी सोफ्यावर बसून तेच उलटंपालटं करत राहिले. जे केलं नव्हतं त्याचं दुःख जन्मभर केलं, आणि जे केलं होतं ते मला ठाऊकच नव्हतं. आता नेमकं कशाचं वाईट वाटून घ्यायचं, आणि किती, हे विचारायला बाईही उरलेल्या नाहीत.

संध्याकाळी ईरा बाहेर आली. उड्या मारतच. "आजी, लास्ट पेपर झाला की आम्ही सगळे फ्रेंड्स कोकणात जातोय! बीचवर! बाबांनी हो म्हटलं."

मी उठले. फ्रिजपाशी गेले. 'टाइड' नावाची चिठ्ठी शोधली. तिच्या सुबक अक्षरात सगळं बरोबर होतं, चंद्र, सूर्य, आकर्षण, दिवसातून दोनदा. चिठ्ठीवर खाली जरा जागा होती. मी पेन घेतलं आणि माझ्या फळ्यावरच्या मोठ्या अक्षरात लिहिलं: पाणी पाठीमागून येतं. येण्याआधी कुणी सांगत नाही.

ईराने वाकून वाचलं. "आजी, हे सिलॅबसमध्ये आहे?"

"नाही."

"मग?"

"पाठ कर," मी म्हटलं. "माझ्यासमोर म्हणून दाखव."

तिने म्हटलं. मी तिच्याकडून ते दहादा म्हणून घेतलं.